मागून मिळालेली काठी

ओदिलिया,

परवा गावाची नवी पंचमंडळी बसली. पदाच्या काठ्यांना नव्या रिबिनी, वाजंत्री नेहमीसारखी बेसूर. यंदा चार बायका आहेत. नाव पुकारल्यावर चौघीही रिवाजाप्रमाणे 'नको, नको' म्हणत रडल्या. एकीचं रडणं मला खोटं वाटलं, पण असो. मला मात्र तूच आठवत होतीस. आपल्या डोंगरात पद मागून घेतलेलं माणूस तू एकटीच.

शहरातले लोक येऊन मला विचारतात, "बाई, तुमच्याकडे प्रचार कसा करतात?" कसला डोंबलाचा प्रचार! पगार नाही, वर्षभर स्वतःचं मक्याचं शेत पडीक, आणि वर लोकांच्या शिव्या. सत्ता म्हणजे ओझं, ते पाळीपाळीने सगळ्यांनी उचलायचं, एवढंच आपलं राज्यशास्त्र. कॉलेजात मी त्यावर जाडजूड पुस्तकं वाचली, त्यांत याहून फार काही नव्हतं.

पण तेव्हा उचलणारे सगळे पुरुषच. आणि ज्या घरातून कोणी सेवेला उभं राहत नाही, त्या घराचं पाणी बंद, शेतही गावाकडे परत. तुझा नवरा हासिंतो वारला तो नेमका तुमच्या घराची पाळी होती त्याच वर्षी. तुझा दीर सेवेरो लगेच दारात हजर, आवाजात मध. "वहिनी, मी करतो ना घराच्या नावाने सेवा. तू पोरींना बघ."

सेवा करेल त्याचं शेत, हे तुलाही ठाऊक होतं आणि त्यालाही.

सभेच्या दिवशी आम्ही बायका ओसरीवर घेवडा सोलत बसलो होतो. तू मांडीवरची टरफलं झटकलीस, शाल घट्ट केलीस आणि सरळ आत पुरुषांच्या सभेत शिरलीस. मी खिडकीला चिकटले.

"तोपिलचं काम मला द्या," तू म्हणालीस. तोपिल म्हणजे सगळ्यांत खालची पायरी. निरोप पोचवायचे, गस्त घालायची, दारुड्यांना कोठडीत टाकायचं.

एकच हशा पिकला. तो ओसरेपर्यंत डॉन तिबुर्सियो थांबला. सभेतला सगळ्यांत म्हातारा तोच, म्हणून मानाने 'डॉन'.

"पोरी, तू बाई आहेस म्हणून मी अडवत नाही. पण इथे मागणाऱ्याला पद देत नाहीत. मागणाऱ्याच्या पोटात काहीतरी असतं."

"माझ्या पोटात भूक आहे, तात्या."

"असेल. नियम तो नियम."

तू खांदे उडवलेस. मग म्हणालीस, "बरं. मग मला नको. अजिबात नको! वर्षभर फुकट पाय झिजवायचे, कोणाला हौस आहे? चालले मी घरी." दारापर्यंत आलीस आणि वळलीस. "आता तरी माझं नाव घ्या."

म्हातारा इतका हसला की त्याला ठसका लागला. सेवेरो मात्र उसळला, "गाव चालवताय की तमाशा? आमच्या घराच्या वतीने मी आहे ना!"

"म्हणजे तुला हवंय ते पद?" तिबुर्सियोने डोळे पुसत विचारलं.

सेवेरोचं तोंड उघडलं ते तसंच राहिलं. हो म्हणावं तर मागणारा ठरतो, नाही म्हणावं तर पदावरचा हक्क सुटतो. मागून कोणीतरी ओरडलं, "बोल की रे, घशात हाड अडकलं का?" फळ्यावर तुझ्या नावापुढे मतांच्या खडूच्या रेघा पडत गेल्या. मी खिडकीत नाचायचीच बाकी होते.

काय वर्ष होतं ते! काठी घेऊन तू ऐटीत निघालीस की कुत्रीसुद्धा बाजूला होत. सणाच्या दिवशी भर दुपारी तू झिंगलेल्या सेवेरोला दंडाला धरून कोठडीत टाकलंस आणि त्याचं जेवणही स्वतःच घेऊन गेलीस.

"घेवड्यात मीठ नाही," तो आतून कुरकुरला.

"भाऊजी, सरकारी जेवण असंच असतं."

शेत तुझंच राहिलं. पोरी त्यातल्याच मक्यावर वाढल्या.

पुढे वरच्या गावाहून दोन विधवांचा निरोप आला होता, आठवतं? त्यांचेही दीर असेच गोड बोलू लागले होते. "या आणि आमच्या सभेत सांगा, तुमच्याकडे कसं झालं ते." तू म्हणालीस, "मास्तरीणबाई, जाऊ या आपण. तू नियम सांग, मी भांडते." मग दरड कोसळून रस्ता बंद झाला. रस्ता मोकळा झाला तर तुझी कापणी आली. कापणी उरकली तर माझ्या शाळेच्या परीक्षा. पुढे तुझे गुडघे गेले, आणि मग तूच गेलीस. वरच्या गावच्या सभेत अजून एकही बाई बसत नाही म्हणे. आपण तेवढं जाऊन यायचं राहिलंच.