फिलोमिनाबाई आणि एका घराची एक फाईल

डॉ. फिलोमिना परेराबाईंची आणि माझी ओळख त्यांच्या वाकोल्याच्या दवाखान्यात झाली. मी नुकताच डॉक्टर झालो होतो, त्यांना मदतनीस हवा होता. पहिल्याच दिवशी मी दारातूनच एका रुग्णाला मोठ्याने विचारलं, "काय होतंय?" बाईंनी मला आत बोलावलं. "बाकावर बसलेल्यांना त्याच्या जुलाबाचं ऐकायचंय का रे? आत आण, दार लाव, मग विचार." बाई मूळच्या मढच्या, आवाज खणखणीत, पण रुग्णाशी बोलताना त्यांचं एक अक्षरही दाराबाहेर जात नसे. तीन वर्षं मी त्यांच्या हाताखाली होतो. एवढं शिकून मी पुढे काय केलं, ते सांगायला हा लेख लिहितो आहे.

बाईंच्या पंचाहत्तरीनिमित्त ग्रंथ काढणाऱ्या समितीने मला बजावलं होतं, "शिबिरं लिहा, साधी राहणी लिहा. त्या गोळीचं नको. समारंभाला बायकापोरं असतात." समितीतल्याच एका सन्माननीय डॉक्टरांनी काही वर्षांपूर्वी आम्हा डॉक्टरांच्या भर बैठकीत म्हटलं होतं, "बाई मोकाट सुटायचं लायसन्स वाटतात." आता तेच बाईंना शाल पांघरणार आहेत. शाल पांघरायला काही लागत नाही.

ती गोळी म्हणजे एचआयव्हीची लागण होऊ नये म्हणून आधीपासून घ्यायची गोळी. रक्त तपासायचं, मूत्रपिंडं नीट आहेत ना ते पाहायचं, गोळी सुरू करायची, दर तीन महिन्यांनी पुन्हा तपासायचं. नेमाने घेतली तर धोका खूपच कमी होतो. आमच्या उपनगरांत बाईंनी ती उघडपणे लिहून द्यायला सुरुवात केली आणि आम्ही सगळे नाकं मुरडत बसलो. त्या बैठकीत बाई एवढंच म्हणाल्या, "बीपीची गोळी देताना विचारता का, मीठ कोणाच्या घरी खाल्लंत म्हणून?" कोणी हसलं नाही. मीही बाईंची बाजू घेतली नाही.

कांदिवलीत माझा दवाखाना आहे. आम्हा फॅमिली डॉक्टरांची जुनी रीत म्हणजे एका घराची एक फाईल. आईचा मधुमेह, बाबांचं बीपी, मुलांचे ताप, सगळे कागद एकत्र. घरातलं कोणीही आलं की काउंटरवरून फाईल त्याच्या हातात जाते आणि नंबर येईपर्यंत त्याच्याच मांडीवर असते. मला या रीतीचा अभिमान होता.

अशाच एका घरातला तिशीचा मुलगा, बँकेत नोकरीला, माझ्याकडे आला. "डॉक्टर, एचआयव्ही होऊ नये म्हणून गोळी मिळते ना? मला पाहिजे."

"तुला कशाला रे? चांगल्या घरातला तू. लग्न कर."

"मला पुरुष आवडतात, डॉक्टर. म्हणूनच विचारतोय."

मला किळस आली, हे कबूल करतो. "पुढच्या आठवड्यात बघू," म्हणून मी त्याला वाटेला लावलं. मग शिस्तीचा डॉक्टर म्हणून त्याची मागणी आणि तिचं कारण कागदावर लिहिलं, कागद फाईलला लावला. चार दिवसांनी त्याचे वडील बीपी तपासायला आले. नंबर येईपर्यंत वेळ होता. त्यांनी फाईल वाचली.

दीड वर्षाने तो पुन्हा आला, बसला नाही. "माझे कागद काढून द्या. परेराबाईंकडे चाललोय. पॉझिटिव्ह आलोय." मी फाईल काढायला उठलो. तो म्हणाला, "बाबांनी घराबाहेर काढलं. परत कुठल्या डॉक्टरला विचारायची हिंमत झाली नाही. तुमच्याकडे आलो ना, तेव्हा निगेटिव्हचा रिपोर्ट खिशात होता. तुम्ही विचारलंच नाही."

मी बाईंकडे गेलो, नाव न घेता सगळं सांगितलं. वाटलं, झोडपतील. बाई म्हणाल्या, "गोळी दिली नाहीस, ते वाईटच. पण माणसाचा कागद त्याच्या बापाच्या हातात दिलास रे तू." पुढच्या रविवारी, सत्तरी उलटलेल्या बाई रिक्षाने कांदिवलीला आल्या. आम्ही दोघांनी जमिनीवर बसून फाईली सोडल्या, माणसागणिक कागद वेगळे केले. असे कित्येक रविवार त्या आल्या. त्यांनी मला कधी माफ केलं म्हटलं नाही, एकटंही टाकलं नाही. याहून मोठा उपकार माझ्यावर कोणी केलेला नाही.

तो आता बाईंच्या उपचाराखाली आहे. तब्येत चांगली आहे, नोकरीही चालू आहे. घर मात्र गेलं ते गेलंच, आणि औषध जन्मभराचं.

बाई, तुम्हाला शंभर वर्षांचं धडधाकट आयुष्य लाभो. हे मी नुसत्या प्रेमाने मागत नाही. तुमच्या गौरवासाठी जमलेल्या आमच्यातले किती जण तुमच्यामागे त्या गोळीचा कागद दार लावून लिहितील, याची मला खात्री नाही. माझ्यापुरतं म्हणाल, तर मी आता लिहितो.

हा लेख छापायला देण्याआधी मी त्या मुलाला वाचून दाखवला, परवानगी मागितली. तो म्हणाला, "छापा. माझं नाव नको. तुमचं घाला, पूर्ण."

डॉ. वसंत गणेश म्हाप्रळकर, कांदिवली