तिसरा काळा पट्टा

आता ही फजिती सांगायची म्हणजे लाज वाटते, पण चहा ओतलाच आहे, तर ऐका.

बँकेतून निवृत्त झालो आणि मुलाच्या नोकरीपायी आम्ही दोघं कोलकात्याच्या न्यू टाउनला राहायला आलो. बाल्कनीतल्या झेंडूवर एक माशी यायची. दिसायला मधमाशी, पण डंख नाही. हवेत एका जागी तरंगत राहायची. हॉवरफ्लाय! मालतीला, म्हणजे आमच्या सौ.ना, तिचे फोटो काढायचा नाद लागला आणि मला तिची जात सांगायचा. फोनवर अशा हौशी लोकांचा एक ग्रुप होता. तिथे मी पोटावरचे काळे पट्टे बघून धडाधड निकाल द्यायचो. अहो, जन्मभर लोकांच्या सह्या जुळवल्या, माशीचं काय घेऊन बसलात?

एकदा मालती म्हणाली, "अहो, ही वेगळी आहे. तिसरा पट्टा मधेच तुटलाय बघा."

"पट्टा नाही तुटला, तुझा हात हलला."

"माझा हात नाही हलला."

"बरं, मग माशी हलली!"

आणि ग्रुपवर तिच्या तीन फोटोंखाली चारचौघांत लिहिलं, 'नेहमीचीच. फोटो हलले आहेत.' आठ दिवस चहा तेवढा बिनसाखरेचा मिळाला.

त्याच वर्षी मालती गेली. चार दिवसांचा ताप, बस्स.

घर खायला उठायचं. म्हणून यंदा थंडीत मीच फोन घेऊन झेंडूपाशी बसलो. पहिल्याच फोटोत बघतो तर काय, तिसरा पट्टा तुटलेला! ग्रुपवर जाहीर केलं, 'कोलकात्यात नवी जात! शोधक: अस्मादिक.' अख्ख्या मजल्यावर इथली मिठाई, खजुराच्या नोलेन गुळाचे संदेश, वाटले. लिफ्टमध्ये एका अनोळखी गृहस्थालाही माशीचं पोट दाखवलं. बिचारा मधल्याच मजल्यावर उतरला.

दुपारी बराकपूरच्या शर्मिष्ठाचा फोन. शाळेत शिकवते, ग्रुपमधली खरी जाणकार तीच.

"अंकल, पट्टा टूटा नहीं है. उस पर फूल का पराग चिपका है."

मोठं करून पाहिलं. झेंडूची पिवळी पूड! वाटलं, धरणी दुभंगावी.

"लेकिन पिछले साल आंटी ने जो डाली थी ना, उसका सच में टूटा है. तीनों फोटो में. वो हमारी लिस्ट में है ही नहीं. किसी ने नीचे लिख दिया कि फोटो हिले हैं, तो हमने भी छोड़ दिया."

"कौन गधा था वो?" मी खवळलो.

"आप, अंकल."

मग मालतीच्या त्या जुन्या फोटोंखाली लिहिलं, 'मालती, तुझा हात हलला नव्हता. मीच चुकलो.' अडतीस वर्षांच्या संसारातली माझी पहिली माफी, आणि तीसुद्धा ऐकायला ती नाही. फार रडलो हो.

तेवढ्यात आतल्या खोलीत टिंग वाजलं. मालतीचा फोन. मी अजून रोज चार्ज करून ठेवतो.

आणि काय सांगू तुम्हाला, उत्तर आलं म्हणून मी धावलो! दुखरे गुडघे विसरून, टीपॉयला ठेचकाळत धावलो. उघडून पाहिलं, तर माझाच मेसेज.