पट्टा पडल्यावरचा नाताळ

आमच्या मंडळीचा नाताळ उन्हाळ्यात होतो, हे पुण्याच्या ईशज्ञान महाविद्यालयात मी पहिल्यांदा सांगितलं तेव्हा सगळा वर्ग हसला होता. माझे मार्गदर्शक सर मात्र हसले नाहीत. "यावरच पीएचडी करा," म्हणाले. झालं! त्या एका वाक्यानं माझी उमेदीची वर्षं खाल्ली.

गोष्ट तशी साधी. नांदूरघाटच्या अलीकडचं आमचं गाव, तिथली मूठभर ख्रिस्ती घरं, आणि सगळी ऊसतोडीला जाणारी. दिवाळी झाली की टोळ्या साखर कारखान्यावर जायच्या, त्या पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर, परत यायच्या. डिसेंबरात गावातल्या चर्चला कुलूप. म्हणून सगळे घरी आल्यावर, भर उन्हात कागदाचा तारा टांगायचा, करंज्या तळायच्या, अंबाजोगाईहून पाळकसाहेबांना बोलवायचं आणि नाताळ करायचा. माणसं घरी असतात तेव्हाच देव देह धरून त्यांच्यात राहायला येतो, असं मी प्रबंधात लिहिलं. सरांना ते वाक्य फार आवडलं. बाकीचं सगळं त्यांनी पुन्हा पुन्हा लिहायला लावलं.

शेवटचं प्रकरण तेवढं राहिलं होतं आणि मी थकले होते. नुसतं अंग नाही, आतून थकले होते. देहधारण, देहधारण लिहून त्या शब्दाचाच वीट आला होता. प्रार्थनेला डोळे मिटले तरी तळटिपा दिसायच्या. देवाशी बोलणं कधी बंद पडलं, तेही कळलं नव्हतं. कुणी "काय डॉक्टरीणबाई, कधी संपायचं?" म्हटलं की डोकंच उठायचं.

त्यात तो दुष्काळ आला. आमच्याकडं तो येतोच, त्याचं कौतुक कुणाला? पण त्या साली कारखान्यांच्या मुलखातही पाऊस नव्हता. उभा ऊस चारा म्हणून जनावरांच्या छावण्यांना गेला. आमच्या टोळ्या ज्या सहकारी कारखान्यावर जायच्या, त्याचा बॉयलर पेटलाच नाही. येऊ नका, असा मुकादमाचा निरोप आला. सगळे टँकरची वाट बघत घरी बसले. मीही ते प्रकरण पिशवीत कोंबून आईकडं आले.

आल्या आल्या आई म्हणाली, "औंदा नाताळ पंचवीस तारखेला करायचा."

"कावून? उन्हाळ्यात करतोच की आपण."

"आगं, आमी हितं नसतो म्हून उन्हाळ्यात करतो! लगीन झाल्यापून त्या दिशी मी एकदाबी घरी न्हाई. पहाटं मोळ्या बांधताना एखादीला याद येती, आज नाताळ हाय की गं. मंग काय? मोळीच बांधायची."

मी वैतागले. अख्खा प्रबंध उन्हाळ्यावर उभा! "आता हे कुठं बसवू मी?"

"कशात?"

"प्रबंधात गं!"

"घाल चुलीत तुझा परबंद," असं म्हणून ती खदाखदा हसली. मलाही हसू आलं, पण राग काही गेला नाही.

पाळकसाहेब त्या दिवशी अंबाजोगाईची उपासना सोडून येणार कसे? मग बायकांनी आपसांतच ठरवलं, आपली पोरगी एवढी शिकलीय, तीच बोलंल. मी म्हटलं, मला पाळकाची दीक्षा नाही. आईनं पाळकसाहेबांना आधीच विचारून ठेवलं होतं. ते हो म्हणाले होते. "दोन शब्द बोलाया काय जातंय तुझं?" म्हणाली. काय जातंय! जवळ बोलण्यासारखं काहीच उरलं नाही, हे त्या माउलीला कुठल्या तोंडानं सांगू?

त्या दिवशी सारवायला पाणी नव्हतं, म्हणून चर्च नुसतं झाडून घेतलं. करंज्यांऐवजी गूळ-शेंगदाणे. नाताळची गाणी एरवी पदरानं वारा घेत म्हणणाऱ्या बायका शाली गुंडाळून कुडकुडत गात होत्या, आणि त्याचंच त्यांना हसू येत होतं. आई ठेवणीतलं लुगडं नेसून पुढं बसली होती. इतकी खुश मी तिला कधी बघितली नव्हती.

मी उभी राहिले, जन्माचा शास्त्रपाठ वाचला. पुढचं काही सुचेना. "आज तो जन्मला आणि आज आपण सगळे घरी आहोत," एवढंच म्हणाले आणि खाली बसले. कुणाला त्यात काही कमी वाटलं नाही.

मग मागणीच्या प्रार्थनेला आई उठली.

"देवबापा, तुजे लई उपकार. एक डाव का व्हईना, तुज्या जल्माच्या दिशी आमाला घरी ठिवलंस. डोळं भरून बघितलं. आता पाऊस पाड. तिकडं ऊस पिकू दे, कारखाना पेटू दे." पदरानं तोंड पुसून ती पुढं म्हणाली, "पुढल्या नाताळाला आमाला हितं ठिवू नकू, बापा."

सगळी मंडळी एका आवाजात आमेन म्हणाली. मीही म्हणाले. कित्येक महिन्यांत देवाजवळ मी मनापासून काही मागितलं असेल तर ते हेच, की पुढच्या नाताळाला माझी आई घरी नसू दे.