सुमंताचा पेटारा

संगणकाच्या खोलीत शिरताना लोक अजून चपला बाहेर काढत, त्या सत्त्याण्णव सालातली ही गोष्ट. सुमंत मूळचा वाईचा. पुण्यात कसलासा अभ्यासक्रम उरकून तो सांगलीत आला, गावभागात दोन संगणकांचा वर्ग थाटला आणि दारावरच्या पाटीवर स्वतःला ‘सॉफ्टवेअरतज्ज्ञ’ म्हणवून घेतले. पाटी रंगवणाऱ्याने हरकत घेतली नाही. इतरांना हरकत घेण्याइतके कळत नव्हते. त्याची बायको उमा साताऱ्याची. वर्गातल्या मुलींना टायपिंग ती शिकवी, आणि पाटीकडे न बघता आत जाण्याची तिने सवय करून घेतली होती.

सुमंताने एक प्रोग्राम लिहिला होता. अनेक फायली दाबून त्यांचे एक गाठोडे करायचे, फ्लॉपीवर घालायचे आणि परगावी नेऊन सोडायचे. असे प्रोग्राम बाहेर फुकट मिळत होते, पण ते परक्यांचे. सुमंताला स्वदेशी हवा होता, म्हणजे स्वतःच्या नावाचा. त्याचे नाव त्याने ‘पेटारा’ ठेवले आणि ओळखीच्या सगळ्या संस्थांच्या गळ्यात तो मारला.

एकदा उमाने मुलींची चाचणी लांबलचक नाव देऊन पेटाऱ्यात घातली. गाठोडे सोडायला गेली, तर यंत्र ठप्प.

“अहो, फाइलचं नाव लांब असलं की तुमचा पेटारा मरतो.”

“मग लांब ठेवू नये,” सुमंत म्हणाला.

पण ती हटेना, तेव्हा त्याने नाइलाजाने कारण सांगितले. गाठोडे सोडताना नावासाठी यंत्राच्या स्मृतीत थोडी जागा राखलेली असते. नाव त्यात मावते की नाही, हे पेटारा तपासत नाही. जास्तीची अक्षरे पुढच्या जागेत जातात, मग तिथे काहीही असो.

“म्हणजे वाढपी पानाकडे बघतच नाही,” उमा म्हणाली. “आमटी ओतत सुटतो, आणि ती शेजारच्याच्या जिलबीत जाते.”

“ढोबळमानाने.”

“मग त्याला आधी पान बघायला सांगा ना.”

“एवढं लांब नाव ठेवतं कोण, उमा? शहाणी माणसं वापरणार आहेत हा प्रोग्राम.”

ज्या मुलखात लग्नपत्रिकेवर निमंत्रकांच्या पदव्या मांडून झाल्यावर मुहूर्तासाठी जागा शोधावी लागते, त्या मुलखातला माणूस हे बोलत होता.

त्याच हिवाळ्यात कोरेगावकडच्या एका दूधसंस्थेच्या स्मरणिकेचे काम त्यांना मिळाले. अध्यक्ष वीरधवलरावांचे चरित्र संस्थेचा कारकून जोतीराम टाइप करून आणणार होता. उरलेली पाने उमाने मागून घेतली. संस्था उभी राहिली तेव्हा डोक्यावर दूध वाहून आणणाऱ्या बायका अजून हयात होत्या, आणि त्यांना आजवर कोणी काही विचारले नव्हते. उमा टेपरेकॉर्डर घेऊन गावोगाव फिरली. रंगूबाई नावाच्या म्हातारीने तर पहिल्याच वर्षी मापात मारणाऱ्या मापाड्याच्या डोक्यावर त्याचेच माप कसे उपडे केले, ते हावभावांसकट सांगितले. उमाने सगळे जसेच्या तसे टाइप केले. छापून आले की पुस्तक घेऊन येईन, असा शब्द तिने त्या बायकांना दिला होता.

टाइप झालेले फ्लॉपीवर उतरवून ठेवा, असे तिने सुमंताला दोनदा सांगितले. फ्लॉप्या पेटाऱ्याच्या प्रचारासाठी आहेत, असे उत्तर मिळाले. बायकांचे बोलणे टिपलेल्या कॅसेटवर त्याने ‘संगणक आणि आपण’ हे स्वतःचे व्याख्यान भरले. “टाइप झालंय ना आता,” तो म्हणाला.

मग जोतीराम चरित्र पेटाऱ्यात बांधून त्याची फ्लॉपी घेऊन आला. सुमंताने ऐटीत पेटारा चालवला. पडद्यावर फाइलचे नाव उमटू लागले. इंग्रजी अक्षरांत दूधमहर्षी, पुढे शिवारभूषण, पुढे कार्यसम्राट, पुढे गोरगरिबांचे कैवारी. वीरधवलराव यायचे होते, तेवढ्यात पडद्यावर चिन्हांचा चिखल झाला, डिस्कची घरघर झाली आणि सगळे थिजले.

यंत्र पुन्हा चालू केले, तेव्हा उमाच्या फायली उघडेनात. जी एक उघडली, तिच्यातही निव्वळ चौकोन आणि फुल्या होत्या.

“अरे, नुसतं ‘चरित्र’ ठेवायचं नाव!” सुमंत जोतीरामावर ओरडला.

“आवं, सायबांचं नाव मी कुटं तोडू? एक पदवी गाळली तर मला गुरांच्या दवाखान्यात बसवत्याल. तुमीच म्हनला हुता, पेटाऱ्यात कायबी मावतंय.”

“मावतं! पण रीत असते काही.”

“हीच रीत हाय आमच्याकडं.”

सुमंताने त्यावर जो इलाज केला, तो त्याच्या विद्वत्तेला शोभणाराच होता. त्याने भिंतीवर सूचना चिकटवली : फायलींची नावे आटोपशीर ठेवावीत. मग उमाला म्हणाला, “त्या पानांवर वीरधवलरावांचे फोटो टाकू. माधवनगरचा छापखाना सोमवारपर्यंतच थांबणार आहे. बायकांचं कोण विचारतंय?”

“मी विचारते,” उमा म्हणाली. “उद्या पहाटेच्या एस.टी.नं कोरेगावला जायचं. तुम्हीसुद्धा. त्या बोलतील ते तुम्ही लिहून घ्यायचं, हातानं.”

“माझा वर्ग आहे.”

“टेपवर तुमचं व्याख्यान आहे की. पोरांना ते लावून देऊ.”

दुसऱ्या दिवशी रंगूबाई ओसरीत लसूण सोलत बसली होती. उमाने खाली मान घालून झाला प्रकार सांगितला. म्हातारीने सुमंताला पायापासून वर न्याहाळले.

“एवडं समदं बोलले, त्ये पार गेलं व्हय?”

“गेलं, आजी. परत सांगाल का?”

“सांगीन की. मला काय काम हाय? पन तवाचं तसंच येईल असं न्हाई हां. आज मापाड्याला जास्त मारीन.” तिने लसणाचे सूप सरकवून सतरंजीवर जागा केली. “आनि ह्ये कोन?”

“माझे मालक. हे लिहून घेणार आहेत.”

सुमंताने घसा साफ केला आणि आपण सॉफ्टवेअर क्षेत्रात काय करतो, ते सांगायला सुरुवात केली. रंगूबाईने त्याला हाताने थांबवले आणि उमाकडे वळली.

“बाई, ह्येंला ऐकू येतं न्हवं?”

“आज बघू या,” उमा म्हणाली, आणि तिने नवऱ्याच्या हातात पेन दिले.