पुरातली पिकअप आणि आमचा गणपती

उत्तरपूजा झाली, बाबांनी अक्षता टाकून मूर्ती जागेवरून हलवली, आणि तेवढ्यात शेजारून निरोप आला की गंगा रस्त्यावर आलीय. झाली पंचाईत! हलवलेला गणपती पुन्हा मखरात बसवता येत नाही आणि असल्या पाण्यात कुणी शहाणा बाहेर पडत नाही. पाणी बघून मगच पूजेला बसणारे बाबा यंदा कसे विसरले, मला अजून कळलेलं नाही.

बालाजी घाटाच्या गल्लीतून मूर्ती हातांवर घेऊन आम्ही रस्त्यापर्यंत आलो. आमची पिकअप निम्म्या चाकांपर्यंत पाण्यात उभी होती. बाबा इकडे उत्तरेतल्या मराठी घरांमध्ये भिक्षुकी करतात. यजमानांकडे चौरंग आणि केळीचे खांब वाहून वाहून म्हातारी झालेली ही डिझेल गाडी. तिचा मूळ रंग कोणता, यावर घरात एकमत नाही. बाबांनी धोतर खोचलं, बॉनेट उघडून पंख्याचा पट्टा काढला. पंखा फिरला तर इंजिनवर पाणी उडवतो म्हणे. कोपऱ्याकोपऱ्यावर नव्या चकचकीत गाड्या माना टाकून पडल्या होत्या आणि आमची ही खोकत, धूर सोडत निघाली.

मी मागे बसून मूर्तीवर छत्री धरली होती. पाऊस नुसता झोडपत होता.

“बाबा, बुडवायलाच नेतोय ना? मग भिजला तर काय बिघडलं?”

“रस्त्यात विरघळला तर त्याला विसर्जन म्हणत नाहीत. छत्री ठीक से पकड!” ते पुढून ओरडले.

गंगेत मूर्ती सोडायला मनाई, म्हणून विसर्जनासाठी ठरवून दिलेल्या कुंडावर जायचं. पण चाकांखाली होती ती गंगाच ना? की नाल्याचं उलटं आलेलं पाणी? मला काही म्हणजे काही सुधरेना.

कुंडाच्या वळणावर पोलिसाने हात केला. “पंडितजी, कुंड अब कहाँ? सब डूब गया!”

खरंच, रस्ता कुठे संपतो आणि कुंड कुठे सुरू होतं, काही कळत नव्हतं. गाडी बंद पडायचं नाव घेत नव्हती. थांबले ते बाबा. खाली उतरून गुडघाभर पाण्यात उभे राहिले आणि सगळीकडे बघत राहिले. मुंज कधी, श्राद्ध कुठे, हे अर्धा मोहल्ला ज्यांना विचारतो, ते मला म्हणाले, “तूच सांग गं. कुठे?”

मला रागच आला. मला काय विचारता? मला काय कळतं त्यातलं?

“इथेच,” मी म्हणाले. का म्हणाले, देव जाणे.

आता शास्त्र काढतील, खेकसतील, म्हणून मी वाट बघत राहिले. त्यांनी मूर्तीचा पाट घ्यायला हात पुढे केले. ते त्यांनी तसेच मागे घेतले.

“बरं,” ते म्हणाले, “तूच सोड.”

बाबांनी माझं ऐकलं, याचा आनंद व्हायला हवा होता. मला फार भीती वाटली.