सारिकाची बारा व्होल्टची सवत

आमच्या वाडीत मोबाइलला रेंज येते ती फक्त माझ्या ओट्यावर, आणि तीसुद्धा डावीकडच्या खांबापाशी. म्हणून त्या खांबाला खिळे ठोकलेत आणि खिळ्यांना प्लॅस्टिकच्या पिशव्यांतून निम्म्या वाडीचे फोन लटकत असतात. ज्याचा वाजेल त्याच्या नावाने मी बोंब मारायची, त्याने धावत यायचं आणि खांबाला टेकून बोलायचं. वरंधच्या अलीकडची ही वाडी, घराघरातलं कोणी ना कोणी मुंबईकडे, त्यामुळे फोन पुष्कळ. कोणाचं कोणाशी काय चाललंय ते मला कान न देताच कळतं. मी कान देते, ती गोष्ट वेगळी.

सारिका माझी शेजारीण. माहेर पोलादपूरकडचं, बारावी झालेली, लग्नाला चार वर्षं. अंगाने किडकिडीत, पण भाताचा भारा डोक्यावर घेऊन बांधावरून अशी चालते की समोरून येणारा पुरुष आपणहून चिखलात उतरतो. नवरा अनिल भिवंडीला एका गोडाऊनमध्ये कामाला. गणपतीला नि शिमग्याला येतो, जमलं तर दिवाळीला. घरात सासू रखमा, आणि पडवीत ताडपत्रीखाली अनिलची मोटारसायकल.

ही गाडी वर्षातून पंधरा-वीस दिवस चालते, बाकी झोपते. झोपून झोपून तिची जुनी बॅटरी गेली. म्हणून यंदा गणपतीला अनिलने नवी आणली, जेलची. भिवंडीपासून मांडीवर घेऊन आला. वर टॉवेल गुंडाळलेला.

सारिकाने ते बघितलं आणि मला येऊन म्हणाली, "काकी, मला लग्न करून आणली तेव्हा मी टेम्पोत मागं बसले होते. भांड्यांबरोबर."

मी म्हटलं, "भांडी तरी तुझ्या माहेरची होती ना गो?"

ती हसली. तेव्हा हसायची.

परत जाताना अनिलने बायकोला बॅटरीचं शिक्षण दिलं. मी ओट्यावर शेंगा निवडत होते, त्यामुळे माझंही झालं. ही बॅटरी बंद डब्याची. झाकण उघडायचं नाही, पाणी घालायचं नाही. तिचा चार्जर वेगळा, छोटा. ट्रकच्या बॅटरीचा मोठा चार्जर हिला चालत नाही, जोराचा करंट मिळाला की आतली जेली फुटते. गाडीला चोरांसाठी अलार्म बसवलाय, तो गुपचूप करंट पीत राहतो, म्हणून काळी वायर काढून ठेवायची. मीटरवर साडेबारा व्होल्टच्या खाली आकडा दिसला की चार्जर लावायचा, हिरवा दिवा लागला की काढायचा. टोकांवर पांढरं धरू नये म्हणून व्हॅसलीन लावायचं. ती डबीसुद्धा त्याने आणली होती. सारिकाच्या टाचांना लावणीपासून भेगा पडलेल्या. डबी बॅटरीची.

मग सुरू झाले रविवार. संध्याकाळी फोन वाजायचा, मी बोंब मारायची, सारिका पदराला हात पुसत यायची. अनिलचा आवाज एवढा मोठा की मला ओट्यावर बसून ऐकू यायचा.

"किती दाखवते गो?"

"बारा पॉइंट आठ."

"चार्जर काढल्या काढल्या मोजलंस का? जरा विसावू दे तिला, मग मोज."

"विसावली चांगली दोन तास."

"गरम नाय ना झाली?"

"नाय."

"व्हॅसलीन?"

"लावलं."

"बरं. आई कशी हाय?"

आईपर्यंत आलं की तिकडून कोणीतरी अनिलला हाक मारायचं. सारिकाचा नंबर लागायच्या आत फोन परत पिशवीत.

आता मी कशी आहे ते वाडीला ठाऊक आहे. मी विहिरीवर एकदा सहज विचारलं, "काय गो सारिके, सवतीला जेवायला घातलंस का?" झालं. दुसऱ्या दिवसापासून सगळ्या बायका तेच विचारायला लागल्या. सवत निजली का, सवतीचं अंग गरम नाय ना, सवतीला लोणी चोपडलंस का. सारिका चार दिवस हसली, पाचव्या दिवशी माझ्या अंगावर कळशीभर पाणी ओतून निघून गेली. तेव्हा मला कळलं की आत लागलंय.

आणि खरंच लागलं होतं. रोजचे आकडे ती भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहायची. दुधाचा हिशोबही त्याच कॅलेंडरवर. पण दुधाचे आकडे कसे सरळ, आणि बॅटरीचे असे दाबून लिहिलेले की मागचं पान फाटावं.

दसऱ्याला गाडीची पूजा असते. पूजेला हॉर्न वाजवायचा म्हणून सारिकाने सकाळी काळी वायर जोडली. सासू रखमा ताट घेऊन आली. चाकाखाली लिंबू ठेवलं, हँडलला झेंडूचा हार घातला, आणि मग म्हणाली, "गाडीचा जीव कुठं असतो गो?"

सारिका म्हणाली, "बॅटरीत. तुमच्या लेकाचापण तिथंच हाय."

रखमाला टोमणा ऐकू आला नाही, बॅटरी ऐकू आली. तिने सीट काढायला लावली. बॅटरीला हळद लावली, कुंकू लावलं, आणि नारळ फोडून त्याचं पाणी भक्तिभावाने, धार धरून, थेट दोन्ही टोकांवर ओतलं.

सारिकाच्या खांद्यावर फडकं होतं. तिने ते हातात घेतलं. बॅटरीकडे बघितलं. मग फडकं परत खांद्यावर टाकलं आणि सीट बसवून टाकली. पुसलं नाही. काळी वायरही काढली नाही. मी बघत होते. मीही बोलले नाही. खरं सांगायचं तर मला गंमत वाटत होती.

पुढच्या रविवारी फोन आला.

"किती दाखवते?"

"बारा पॉइंट नऊ," सारिका म्हणाली. मीटर तिने हातातसुद्धा घेतला नव्हता.

त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा बारा पॉइंट नऊ. तिकडून अनिल खूश होऊन म्हणाला, "शाबास! ऐक, दिवाळीला कंपनीत डबल ड्युटी हाय. गाडी बंद पडून सडेल म्हणून येणारच होतो दोन दिवस. पण तू बघतेस ना चांगली. आता एकदम शिमग्यालाच येतो."

सारिकाने फोन पिशवीत ठेवला. खिळ्याला लावायचा तर तीनदा चुकली. मग तिथेच खांबाला टेकून खाली बसली.

"काय झालं गो?"

"काकी, मी खोटं बोलले. ती मेलीय. काल चावी लावली तर दिवापण लागला नाय."

"मग लाव परत फोन आणि सांग मेली म्हणून. उद्या सकाळच्या गाडीने वीर स्टेशनला उतरेल."

"उतरेल ना!" ती एकदम उसळली. "तेच तर नको मला. बॅटरी मेली म्हणून धावत आला तर मग मी कोण? भात कापायला चार माणसं कमी पडली तेव्हा नाय आला. मला ताप आला तेव्हा नाय आला. आणि त्या डब्यासाठी आला, तर मी काय करू? ताट वाढू आणि गप बसू?"

"आणि नाय सांगितलंस तर शिमग्यापर्यंत येत नाय."

"ते पण हाय." तिने डोळे पुसले. "त्याला न सांगता मेलीला बरी करते. आला तर माझ्यासाठी येऊ दे, नाय तर राहू दे तिकडं."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी एसटीने महाडला गेलो. बॅटरी पिशवीत, उभी, सारिकाच्या मांडीवर. मी काही बोलले नाही. एवढी अक्कल मलाही आहे.

स्टँडच्या मागे यशराजचं दुकान. पंचविशीतला मुलगा, आयटीआय केलेला, दाढी कोरलेली, टीशर्टवर ग्रीसचा एक डाग नाही. त्याने बॅटरी टेबलावर ठेवली, टोकांवरचा हिरवा-पांढरा थर बघितला आणि नाकाजवळ नेली.

"वहिनी, हिला नारळाचा वास कसा काय येतोय?"

"दसऱ्याला सासूबाईंनी पूजा केली," सारिका म्हणाली.

तो हसला नाही, हे मला आवडलं. मीटर लावला. "सात पॉइंट आठ. फार खाली गेलीय. साधा चार्जर लावला तर तो हिला ओळखणारच नाही. कोणी उघडून पाणी घातलं नाही ना? गावाकडे घालतात."

"नाय. उघडायची नसते ती. आत जेली असते. जोरात चार्ज केली तर बुडबुडे धरतात आणि मग ती परत सांधत नाय."

यशराजने मान वर केली. "तुम्हाला कोणी शिकवलं?"

सारिकाने पिशवीतून कॅलेंडरची घडी काढून त्याच्यापुढे टाकली. गणपतीपासून दसऱ्यापर्यंत एकही दिवस चुकलेला नव्हता. यशराजने सगळी पानं उलटली. "असं तर मीसुद्धा लिहीत नाही," तो म्हणाला. "हळूहळू चार्ज करतो, दोन दिवस लागतील. जगेल. पण वहिनी, एवढं सांभाळणारं माणूस घरात असून ही इतकी खाली गेली कशी?"

सारिका लाल झाली. लाजेने की चोरी पकडली म्हणून, ते मला नीट कळलं नाही. त्याने आमच्यासाठी चहा मागवला. चार वर्षांत या मुलीला कोणी शाबास म्हणून चहा पाजला नव्हता. एसटीत परत येताना ती खिडकीतून बघत गाणं गुणगुणत होती.

यशराजने सांगितलेला दिवस उजाडायच्या आधी, मंगळवारीच, अनिलचा फोन वाजला. सारिका खालच्या शेतात कापणीला. एरवी मी बोंब मारली असती. त्या दिवशी मी पिशवीत हात घातला.

"काकी? सारिका कुठं हाय?"

"शेतात. काल दमली रे, महाडला गेल्ती ना."

"महाडला कशाला?"

मी सगळं सरळ सांगितलं. बॅटरी मेली, दिवासुद्धा लागत नव्हता, सारिका मांडीवर घेऊन यशराजच्या दुकानात गेली, दोन दिवस तिथेच राहणार, जगेल असं म्हणाला. इथे अनिल किंचाळेल म्हणून मी फोन कानापासून जरा लांब धरला.

पण तिकडून आवाज आला तो हळूच.

"कोण यशराज?"

"स्टँडमागचा. चांगला पोरगा हाय. दाढी छान ठेवतो. सारिकाचं कॅलेंडर बघून म्हणाला, असं सांभाळणारं माणूस मी बघितलंच नाय. चहा पाजला आम्हाला."

"चहा? कशाला चहा?"

"साखरेचा. कशाला म्हणजे काय?"

"परत जाणार हाय ती?"

"जाणार ना, उद्या. मला बरोबर चल म्हणालेली, पण माझे गुडघे धरलेत. एकटीच जाईल."

फोन कट झाला. बॅटरी किती व्होल्ट दाखवते ते त्याने विचारलं नव्हतं, हे माझ्या लक्षात आलं. मी हे सारिकाला सांगितलं नाही. काही गोष्टी मुरल्या की जास्त चांगल्या लागतात.

दुसऱ्या दिवशी दुपारी सारिका साडी बदलून एसटीला निघणार, एवढ्यात अनिल वाडीत. खांद्याला सॅक, घामाने शर्ट चिकटलेला, दाढी मात्र ताजी कोरून आलेला. मी शेंगा निवडायला बसले. निवडायला शेंगा नव्हत्या, पण बसले.

सारिका त्याला बघून जागच्या जागी थांबली. चेहरा असा पडला की मला वाईट वाटलं. ती थंडपणे म्हणाली, "बॅटरीसाठी आलात ना? ती इथं नाय. महाडला हाय, स्टँडमागं. जा, घेऊन या. पूजा झाली तेव्हा मीच पुसली नाय. वायरपण मीच काढली नाय. खोटं बोलले दोन रविवार. झालं?"

"मी आत्ता तिथूनच येतोय," अनिल म्हणाला.

"मग द्या इकडं, जोडते."

"तो यशराज तुला वहिनी म्हणतो की सारिका म्हणतो?"

"काय?"

"दुकानात मी नाव सांगितलं नाय. गिऱ्हाईक म्हणून उभा राहिलो. चांगला बोलतो तो. फारच चांगला बोलतो. उगाच कशाला एवढं चांगलं बोलायचं बाई माणसाशी? तू आजपण जाणार होतीस? ही साडी नेसून?"

सारिका त्याच्याकडे बघत राहिली. मग त्याच्या सॅककडे, मग रिकाम्या हातांकडे.

"बॅटरी कुठं हाय?"

अनिलने हात बघितले. सॅक चाचपली. "राहिली," तो म्हणाला. "तिथंच राहिली. तू येशील म्हणून त्याने काउंटरवर काढून ठेवली होती, मी त्याच्याकडंच बघत होतो…"

सारिका आधी पदराआड हसली, मग पदर सोडून हसली, मग कमरेवर हात ठेवून वाकली. आतून रखमा ओरडली, "काय झालं गो? कोण मेलं?" अनिल कानापर्यंत लाल. आणि ती बया हसता हसता त्याला म्हणते कशी, "वहिनी म्हणतो की सारिका म्हणतो, ते मला आठवत नाय. उद्या दोघं जाऊ, तेव्हा नीट ऐकून सांगते."

गेले दोघं दुसऱ्या दिवशी, सकाळच्या एसटीने. तिने तीच साडी नेसली. तो सगळी वाट तिच्या कुशीला लागून, जणू महाडभर चोर सुटलेत. तिच्या पायांत नव्या चपला आणि टाचांना व्हॅसलीन, हे मी बघितलं. माझी नजर जाते तिथे जाते. सुट्टीचं विचारलं तर अनिल म्हणाला, दिवाळी होईपर्यंत इथेच हाय, डबल ड्युटी दुसरा कोणी करेल.

संध्याकाळी मी आमच्या ह्यांना सगळं रंगवून सांगितलं. मग म्हटलं, "समजा, मी अशी एकटी महाडला गेले आणि एका दाढीवाल्याने मला चहा पाजला, तर तुम्ही काय कराल?"

ह्यांनी पेपरातून डोकं वर काढलं नाही. "येताना माझी बीपीची गोळी आण," म्हणाले.

त्या सारिकेवर मी जळते. खोटं कशाला बोलू?