शेवटच्या थांब्यावर उतरा

अमीन पेंटर सिटी बसच्या फक्त पाठीवर जाहिराती रंगवायचा. बाजूवर रंगव म्हटलं तर सरळ नाही म्हणायचा. त्याचं म्हणणं, बस मिळालेला माणूस काही वाचत नाही. चुकलेला मात्र ती वळेपर्यंत तिच्या पाठीकडं बघत राहतो. शिव्या देत का होईना, वाचतो.

सत्त्याण्णव सालच्या उन्हाळ्यात अक्काताई त्याच्याकडं आल्या. निपाणीकडच्या, नवरा गेलेला. कसबा बावड्यात शेवटच्या थांब्यासमोर त्यांनी मिरची कांडायचा डंक टाकला होता. चटणीचा, म्हणजे वर्षाचं तिखट कांडून घ्यायचा, हंगाम साधला तर बरं, नाहीतर डंक विकून भावाच्या दारात जायचं, आणि तिथं भावजयीचं तोंड आधीच वाकडं. अमीननं बावड्याच्या बसवर लालभडक लिहिलं, 'मिरची कांडप. या बसच्या शेवटच्या थांब्यावर उतरा. समोरच अक्काताई.' गावाचं नाव घातलं नाही. बावड्याची बस बावड्यालाच जाणार, त्यात लिहायचं काय?

आठवड्यात डेपोनं ती बस कळंब्याला लावली.

कळंब्याची बस शेवटी तुरुंगापाशी थांबायची. बायका मिरच्यांची गाठोडी घेऊन फाटकावर उभ्या राहिल्या.

“कुणाला भेटायचंय?” पहाऱ्यावरच्या शिपायानं विचारलं.

“अक्काताईला.”

“काय केलंय तिनं?”

“चटणी.”

शिपायानं नाव बघायला माणूस आत पाठवला.

हे कळल्यावर अमीन सायकल मारत कळंब्याला गेला. बायकांच्या शिव्या पोटभर खाल्ल्या, गाठोडी सायकलला बांधली आणि सगळं शहर ओलांडून बावड्याला नेली. संध्याकाळी चटणी परत पोचवली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. बावड्यातलं गिऱ्हाईक काही आलं नाही. डंक चालला तो कळंब्याच्या मिरचीवर. जाहिरात पुसायला निघालेल्या अमीनला अक्काताईंनीच दटावलं, “ऱ्हाऊ दे की. बेस चाललंय.”

मग दर उन्हाळ्यात अमीन तुरुंगासमोर उभा. घरी कुणी विचारलं, तर बायको ताजबी शांतपणे सांगायची, “त्ये व्हय? जेलवर असत्यात.”

पुढं बसवर छापील स्टिकर आले. एका सकाळी अमीनच्या लाल अक्षरांवर दातांचा दवाखाना चिकटला. अमीनला फार लागलं. त्या दिवशी तो जेवला नाही. तसाच बावड्याला गेला.

“अक्का, जाहिरात गेली. आता बायका यायच्या न्हाईत.”

अक्काताई चटणी चाळत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “खुळा हाईस काय? पयला उन्हाळा सोडला तर इतक्या वर्सांत एक तरी बाई बसची पाठ वाचून आली काय? त्या तुला हुबा बघून उतरत्यात. तू हाईस म्हणून मी हितं हाय, न्हाईतर कवाच भावाच्या दारात गेलती.”

अक्काताईंनी एक डबा त्याच्या हातात दिला.

“फाटकावरच्या त्या शिपायाची चटणी हाय. गरम हाय अजून, जपून न्हे.”